परसात लावलेला ट्रेल कॅमेरा : शेकडो रिकाम्या क्लिप आणि मुंगसाची नुसती शेपटी

परसदार_ठाणे विचारतात :

नमस्कार मंडळी. ठाणे पश्चिमेला येऊरच्या पायथ्याशी तळमजल्यावर घर आहे. मागे साधारण ४० फूट बाय १५ फुटांचं परस. एक आंबा, एक चिकू, पश्चिमेच्या भिंतीलगत केळी आणि कर्दळ, कोपऱ्यात पालापाचोळ्याचा ढीग. त्याच भिंतीला पावसाचं पाणी जायला तळाशी नऊ इंची भोक ठेवलेलं आहे. पलीकडे नाला आणि झाडी.

सकाळी अकराच्या आसपास मुंगूस दिसतं. रात्री पडवीच्या पत्र्यावरून काहीतरी जड चालत जातं आणि सकाळी चिकूखाली अर्धवट खाल्लेली फळं मिळतात. पाण्याच्या परळावर बुलबुल, दयाळ आणि शिंपी येतात.

ट्रेल कॅमेरा (समोर हालचाल झाली की आपोआप चित्रण करणारा) आंब्याच्या खोडाला पाच फुटांवर बांधला आहे, तोंड पश्चिमेच्या भिंतीकडे. सेटिंग : व्हिडिओ ३० सेकंद, सेन्सिटिव्हिटी हाय. आठ रिचार्जेबल सेल, ६४ जीबीचं कार्ड (आधी मोबाइलमध्ये होतं). दहा दिवसांत ९४० क्लिप झाल्या, त्यांतल्या कामाच्या नऊ. बाकीच्यांत केळीचं पान हलताना दिसतं. मुंगूस चार वेळा आलं, पण चारही वेळा फक्त शेपटी. रात्री जवळ काही आलं की सगळं पांढरंफटक. मध्यरात्रीनंतर बहुतेक दिवस एकही क्लिप नाही, आणि शेवटच्या दोन दिवसांच्या फाइल उघडतच नाहीत.

काय चुकतंय? पाऊस पंधरा दिवसांवर आलाय, त्यात कॅमेरा बाहेर ठेवावा का? मुंगूस थांबावं म्हणून अंडं ठेवलं तर चालेल का? आणि परळावरचे पक्षी जवळून घ्यायचे तर काय करावं?

पाऊलखुणा :

जागा उत्तम आहे, कॅमेरा चुकीच्या ठिकाणी आहे. तुमच्या ९४० क्लिपांचं कारण त्या दोन गोष्टींत आहे, कॅमेरा उंच बांधलाय आणि पश्चिमेकडे बघतोय.

कॅमेऱ्यातला सेन्सर प्राणी ओळखत नाही. समोरचं दृश्य तो उभ्या पट्ट्यांत वाटून घेतो आणि एका पट्टीतून दुसऱ्या पट्टीत उष्णतेचा फरक सरकला की जागा होतो. हा फरक गरमाचा असो की गाराचा, त्याला सारखाच. सकाळचं ऊन तुमच्या भिंतीच्या आतल्या अंगावर पडतं. भिंत तापते, तिच्यापुढे केळीचं गार पान वाऱ्याने हलतं. सेन्सरला याहून स्पष्ट हालचाल मिळणार नाही, म्हणून तो पानाचेच फोटो काढत राहतो. अकरा वाजेपर्यंत भिंतीचं तापमान मुंगसाच्या अंगाच्या जवळपास येतं आणि नेमकं तेव्हाच मुंगूस त्याला दिसेनासं होतं. मे महिन्यात दिवसा हा त्रास सगळ्यांनाच होतो. दुपारनंतर सूर्य थेट भिंगासमोर, म्हणजे चित्र धुरकट आणि पुन्हा खोट्या क्लिप.

कॅमेरा उत्तरेकडे बघेल असा लावा. आपल्याकडे जूनमध्ये सूर्य डोक्यावरून थोडा उत्तरेला सरकतो, पण उगवतो ईशान्येच्या बाजूला आणि मावळतो वायव्येला, त्यामुळे सरळ उत्तरेकडे तोंड असलेल्या भिंगात तो तेव्हाही शिरत नाही.

त्याआधी वाट वाचायला हवी. मुंगूस आणि उदमांजर (तुमच्या पत्र्यावरचं जड जनावर बहुधा तेच) रोज त्याच त्याच रस्त्याने जातात. भोकाच्या तोंडाशी दोन फूट बाय दोन फुटांच्या जागेवर पिठाच्या चाळणीने चाळलेली कोरडी माती अर्ध्या सेंटिमीटर जाडीने पसरा आणि पाटीच्या कडेने सपाट करा. रांगोळी किंवा चुना घेऊ नका, रात्री कॅमेऱ्याच्या इन्फ्रारेड (डोळ्यांना न दिसणाऱ्या) प्रकाशात पांढरी पूड चमकते आणि चित्र जळतं. संध्याकाळी पसरायची, सकाळी सातला पाहायची, पुन्हा सपाट करून दुपारी पाहायची. चार बोटं आणि नखांचा ठसा नाही तर मांजर. चार बोटं आणि नखं ठळक तर कुत्रा. पाच बोटं, बारीक पंजा आणि प्रत्येक बोटापुढे नखाचं टिंब सुटलेलं असेल तर मुंगूस. उदमांजरालाही पाच बोटं, पण ठसा मोठा आणि गुबगुबीत, टाचेची गादी रुंद. पुढच्या पायाला चार आणि मागच्याला पाच बोटं दिसली की ती घूस. चार-पाच दिवसांत कोण कुठून आत येतं आणि कुठल्या बाजूला वळतं हे कागदावर काढता येईल. कॅमेरा त्यानंतर.

मग असं करा. भोकाच्या दक्षिणेला अडीच मीटरवर, भिंतीपासून दोन फूट सोडून, १२ मिलिमीटरची सळई एक फूट खोल ठोका आणि तिच्यावर कॅमेरा बसवा. भिंग जमिनीपासून ३० सेंटिमीटर, तोंड उत्तरेला. भोकातून निघालेला प्राणी आता चौकटीत डावीकडून उजवीकडे जाईल. पट्ट्या आडव्या ओलांडणारं जनावर सेन्सर लगेच पकडतो, सरळ अंगावर चालत येणारं उशिरा. खोडावर पाच फुटांवरून खाली बघणाऱ्या कॅमेऱ्याला मुंगसाची पाठ दिसते, चेहरा कधीच नाही.

शेपटीचं कारण वेगळं. सेन्सर अर्ध्या सेकंदात जागा झाला तरी व्हिडिओ सुरू व्हायला बऱ्याच कॅमेऱ्यांना एक ते दोन सेकंद लागतात. दुडक्या चालीचं मुंगूस तेवढ्यात दोन-तीन मीटर पुढे जातं. अडीच मीटरवर तुमच्या चौकटीची रुंदीही साधारण अडीच मीटरच असते, म्हणजे हिशेब शेपटीपाशीच येतो. उपाय दोन. भोक चौकटीच्या मधोमध घेऊ नका, डाव्या कडेपासून हातभर आत ठेवा, म्हणजे पुढची सगळी मोकळी जागा कॅमेऱ्याला मिळते. आणि वाट न अडवता जनावराचा वेग कमी करा : भोकापासून एक मीटरवर मनगटाएवढ्या जाडीचं ओंडकं आडवं टाका आणि त्याच्या अलीकडे पाण्याचं उथळ मातीचं ताट ठेवा. मुंगूस ओंडक्यापाशी थांबतं, पुढचे पाय वर ठेवून मान उंचावतं आणि हवा हुंगतं. ती तीन-चार सेकंदं हवी आहेत.

समोरची केळीची आणि कर्दळीची जी पानं सेन्सरच्या टप्प्यात येतात तेवढीच सुतळीने मागे बांधा. झाड तोडू नका, आडोसा गेला की जनावर वाट बदलतं.

सेन्सिटिव्हिटी दिवसा मीडियम. क्लिप दिवसा १५ सेकंद, रात्री २० पुरे. दोन क्लिपांमधलं अंतर १० सेकंद.

चाचणी स्वतः चालून घेऊ नका, माणूस फार मोठा आणि गरम असतो. रबरी शेकपिशवीत कोमट पाणी भरा, दोरी बांधा आणि संध्याकाळी ती भोकापासून ओंडक्यापर्यंत जमिनीवरून ओढा. टेस्ट मोडमधला दिवा कुठे लागतो ते बघा. जिथे लागत नाही तिथे कॅमेरा दोन-दोन अंशांनी खाली झुकवा. झुकवायला मागे काडेपेटीच्या जाडीची लाकडी पाचर पुरते.

सेल_सर्किट :

मध्यरात्रीनंतर कॅमेरा बंद पडतो तो सेलमुळे. अल्कलाइन सेल दीड व्होल्टचा, रिचार्जेबल निकेल सेल १.२ व्होल्टचा. दिवसा फरक जाणवत नाही. रात्री इन्फ्रारेडचे दिवे पेटले की एकदम जास्त करंट ओढला जातो, व्होल्टेज खाली येतं आणि कॅमेरा सेल संपले समजून बंद होतो. सकाळी त्याच सेलवर पुन्हा चालू होतो, म्हणून दोष लक्षात येत नाही. कॅमेऱ्याच्या मेनूत सेलचा प्रकार निवडायची सोय असेल तर तिथे रिचार्जेबल निवडा. नसेल तर दोन मार्ग आहेत.

एक, लिथियमचे दीड व्होल्टचे न भरता येणारे सेल. महाग, पण व्होल्टेज शेवटपर्यंत टिकतं. दोन, बाहेरून बॅटरी. इमर्जन्सी दिव्यात असते ती ६ व्होल्ट ४.५ अँपिअर-अवरची बॅटरी सहज मिळते. पण कॅमेऱ्याच्या बाहेरच्या सॉकेटपाशी ६ लिहिलंय की १२, आणि पिनचा मधला भाग धन आहे की ऋण, हे मल्टीमीटरने बघूनच जोडा. उलट जोडली तर बोर्ड जातो. बॅटरी झाकणाच्या प्लास्टिकच्या डब्यात ठेवा आणि वायर डब्याच्या खालच्या अंगाने बाहेर काढा, वरून काढली तर पाणी वायरीवरून आत उतरतं.

रिचार्जेबलच ठेवायचे असतील तर लो सेल्फ डिस्चार्ज प्रकारचे (पडून राहिले तरी चार्ज टिकवणारे), २००० ते २५०० एमएएच क्षमतेचे घ्या. आठही एकाच वेळी विकत घेतलेले, एकाच वेळी चार्ज केलेले हवेत. त्यांत एक जरी जुना असला तरी तो बाकीच्या सातांना खाली ओढतो. प्रत्येक सेल वेगळा चार्ज करणारा चार्जर घ्या.

कार्डाबद्दल. बरेच ट्रेल कॅमेरे ३२ जीबीपर्यंतच नीट चालतात, कारण ते फॅट३२ या जुन्या पद्धतीने कार्डावर फाइल लिहितात. मोठी कार्डं एक्सफॅट या नव्या पद्धतीत येतात, ती कधी चालतात, कधी मध्येच फाइल अर्धवट ठेवतात. ३२ जीबी, क्लास १० चं नवीन कार्ड घ्या आणि ते कॅमेऱ्यातच फॉरमॅट करा, मोबाइलमध्ये किंवा कॉम्प्युटरवर नाही. साध्या एचडी चित्रणात ३० सेकंदांची क्लिप ६० एमबीच्या घरात जाते, म्हणजे ३२ जीबीत पाचशेच्या आसपास मावतील. पाऊलखुणांनी सांगितलेल्या १५ सेकंदांनी हा आकडा दुप्पट होतो. कॅमेरा बंद केल्याशिवाय कार्ड काढू नका. क्लिप लिहिली जात असताना ओढलेल्या कार्डातही फाइल अशाच न उघडणाऱ्या होतात.

रात्रीच्या पांढऱ्या चित्राबद्दलही सांगतो. हे दिवे १५-२० मीटरपर्यंत उजेड पोचावा म्हणून केलेले असतात, दोन मीटरवर तो उजेड फार होतो. मेनूत दिव्यांची ताकद कमी करता आली तर करा. नाही तर मेडिकलच्या दुकानातली पांढरी मायक्रोपोर पट्टी दिव्यांच्या खिडकीवर दोन थरांत चिकटवा. भिंग, सेन्सरचा दुधी फुगवटा आणि उजेड मोजणारं बारीक भोक, या तिन्हींवर पट्टी येता कामा नये. दुसऱ्या दिवशी चित्र बघा, अजून जळत असेल तर तिसरा थर. नवा कॅमेरा घेताना दिव्यांचा प्रकार विचारा. ८५० नॅनोमीटरचे दिवे लांब पोचतात पण लालसर दिसतात, ९४० चे जवळपास दिसत नाहीत पण पल्ला कमी. १५ फुटी परसाला ९४० पुरेसे आहेत.

बेलापूरचा_दयाळ :

परळाचं मी सांगते. ट्रेल कॅमेरा त्यासाठी वापरायचाच असेल तर एक अडचण आधी समजून घ्या. त्याचं भिंग साधारण दीड-दोन मीटरच्या पुढे स्पष्ट दिसेल असं कारखान्यातच बसवलेलं असतं. परळ अर्ध्या मीटरवर ठेवला तर बुलबुलाचा नुसता डाग येतो. भिंगापुढे वाचायच्या चष्म्याची +२ नंबरची काच लावली की ४०-५० सेंटिमीटरवरचं स्पष्ट येतं. काच भिंगापुरतीच हवी, सेन्सरवर आली तर सेन्सर आंधळा होतो, कारण काचेतून शरीराची उष्णता आरपार जात नाही. कडांना काळी इन्सुलेशन टेप लावा, नाही तर दिव्यांचा उजेड काचेत शिरतो. परळावर छोट्या पक्ष्यांनी सेन्सर जागा होईलच असं नाही, तेव्हा टाइमलॅप्सवर ठेवा : सकाळी सात ते नऊ, दर दहा सेकंदांनी एक फोटो. दोन तासांत ७२० फोटो होतात, चाळायला पंधरा मिनिटं लागतात.

व्हिडिओ मात्र मोबाइलवर चांगला येतो. ट्रायपॉडवर लावा, फोकस आणि एक्स्पोजर परळाच्या कडेवर लॉक करा, फ्लाइट मोड चालू करा. मे महिन्यात ४के चित्रण दहा-पंधरा मिनिटांत मोबाइल तापवतं आणि तो स्वतःच थांबतो, म्हणून साधं एचडी ठेवा आणि मोबाइलवर पुठ्ठ्याची सावली करा.

परळ मातीचा, खडबडीत, मधे ३-४ सेंटिमीटरपेक्षा खोल नको, आणि त्यात दोन-तीन चपटे दगड. गुळगुळीत स्टीलच्या किंवा प्लास्टिकच्या भांड्यात पक्ष्याचे पाय घसरतात आणि तो एकदा येऊन पुन्हा येत नाही. स्टँड कमरेएवढा उंच. शेजारी हातभर अंतरावर एक वाळकी फांदी खोचा, पक्षी आधी तिथे बसतो, आजूबाजूला बघतो, मग पाण्यावर उतरतो. फोकस त्या फांदीवर धरलात तर चांगले फोटो तिथेच मिळतील. झुडपापासून परळ दोन मीटर लांब असावा, झुडपाला चिकटून ठेवला तर मांजर दबा धरतं. मागची भिंत परळापासून निदान दोन मीटर मागे असली की पक्षी उठून दिसतो.

साचलेल्या पाण्यापेक्षा टपटपणारं पाणी पक्ष्यांना लवकर कळतं. मेडिकलमधून नवा सलाइनचा सेट आणा, पाच लिटरच्या कॅनला जोडून कॅन वरच्या फांदीला टांगा आणि चाकाने मिनिटाला ३० थेंब ठेवा. साध्या सेटमध्ये साधारण २० थेंबांचा एक मिलिलिटर होतो, म्हणजे तासाला ९० मिलिलिटर. कॅन दोन दिवस पुरतो. कॅनला झाकण हवं आणि हवा आत जायला सुईचं भोक, नाही तर थेंब अडकतात. शेवाळ्याने नळी तुंबते म्हणून कॅनला जुनं कापड गुंडाळा.

शिंजीर परळावर क्वचितच उतरतो. त्याला ओल्या पानांवर अंग घासून आंघोळ करायची सवय. सकाळी आठच्या सुमारास कर्दळीच्या पानांवर फवारणीच्या बाटलीने बारीक पाणी मारा आणि मोबाइल त्या पानावर धरून ठेवा. पानाच्या मधल्या शिरेत साचलेल्या पाण्यात तो पोट टेकून घसरतो, पंख थरथरवतो, पुन्हा वर चढतो. हे दृश्य परळावर मिळत नाही.

आणि डासांचं. डेंग्यू पसरवणारा डास पाण्यात नव्हे, पाण्याच्या रेषेच्या जरा वर भांड्याच्या ओल्या भिंतीला अंडी चिकटवतो. अंडी कोरडीसुद्धा महिनोन् महिने टिकतात. नुसतं पाणी ओतून भागत नाही. आठवड्यातून दोनदा नारळाच्या काथ्याने कड घासायची आणि परळ उन्हात वाळवायचा. दोन परळ ठेवले की एक वाळत असताना दुसरा वापरात राहतो. मुंगसासाठी खाली ठेवाल त्या ताटालाही हाच नियम.

खाडीवारा_ऐरोली :

पावसाचं. कॅमेरा बाहेर ठेवता येतो, पण सरींपेक्षा दमट हवेला जपा. कोकणपट्टीत जून ते सप्टेंबर भिंगाला बुरशी लागते आणि एकदा काचेत शिरली की घरी काढता येत नाही.

पाऊस सुरू व्हायच्या आधी कॅमेरा उघडून रबरी सीलवरून मऊ ओलं कापड फिरवा. बारीक वाळूचा एक कण किंवा एक केस सीलखाली राहिला तरी पाणी आत येतं. सील कोरडं झालं की त्यावर सिलिकॉन ग्रीसचा अगदी पातळ हात द्या. व्हॅसलिन नको, रबर फुगतं. आत पाच ग्रॅमच्या सिलिका जेलच्या दोन पुड्या ठेवा. नारिंगी दाणे हिरवे झाले की त्यांनी ओल पिऊन घेतली. ते उघड्या थाळीत पसरून ओव्हनमध्ये ११०-१२० अंशांवर दोन तास ठेवले की पुन्हा नारिंगी होतात. जोराच्या पावसाच्या दिवसांत आठवड्याला बदल हवाच. कॅमेरा उघडायचा तो पडवीत, हात पुसून, पाऊस चालू असताना कधीच नाही.

वरून छप्पर करा. चार इंची पीव्हीसी पाइपचा अर्धा चिरलेला तुकडा कॅमेऱ्यावर बसवा आणि तो भिंगाच्या पुढे सात-आठ सेंटिमीटर येऊ द्या. त्याहून पुढे आला तर रात्री दिव्यांचा उजेड छपरावरून परततो आणि चौकटीचा वरचा भाग पांढरा होतो. पाइपच्या आतल्या बाजूला काळा मॅट रंग मारला की हाही त्रास कमी होतो. कॅमेरा ३० सेंटिमीटरवर असेल तर पावसाचे थेंब जमिनीवरून उडून चिखल भिंगावर बसतो. पुढच्या फूटभर जागेत मातीऐवजी सुकं गवत किंवा नारळाच्या शेंड्या अंथरा, उडणं थांबतं. वरून येणाऱ्या थेंबांपेक्षा हा चिखलच जास्त क्लिप खराब करतो.

एसीच्या खोलीतून कॅमेरा एकदम बाहेर नेला की काचेवर वाफ धरते. बंद झिपच्या पिशवीत घालून अर्धा तास पडवीत ठेवा, मग बाहेर न्या. वापर नसेल तेव्हा हवाबंद डब्यात सिलिकासोबत, आत छोटं आर्द्रतामापक, काटा ४० ते ५० टक्क्यांत. तांदळाच्या डब्यात ठेवायचा सल्ला मिळेल तो ऐकू नका, तांदूळ तेवढी ओल शोषत नाही आणि त्याची पूड सगळीकडे शिरते.

मुंग्या. पहिल्या पावसात त्या वारूळ सोडून कोरडी जागा शोधतात आणि कॅमेऱ्याची मागची पोकळी त्यांना फार आवडते. पांढरी अंडी सेलच्या स्प्रिंगपर्यंत पोचली की संपर्क तुटतो. सळईवर मध्यावर दोन बोटं रुंद व्हॅसलिनचा पट्टा लावा (इथे रबर नाही, त्यामुळे चालेल) आणि आसपासचं एकही गवताचं पातं कॅमेऱ्याला टेकू देऊ नका, तोच त्यांचा पूल होतो. कीटकनाशकाचा फवारा मारू नका. वास आठवडाभर राहतो आणि वाट मोडते.

जुलैत गवत आठ दिवसांत चौकट झाकतं. दर रविवारी भिंगापुढचा दीड मीटर पट्टा विळ्याने कापा, तेवढाच.

वनवाट :

अंडं ठेवू नका. मासळीचे तुकडेही नकोत आणि चिकूही मुद्दाम ठेवू नका. अंड्याला सगळ्यांत आधी कावळा येतो, रात्री घूस आणि भटकी मांजरं, मग कुत्री. घुशी वाढल्या की त्यांच्यामागे धामण आणि घोणस येते. येऊरच्या पायथ्याला कुत्री जमणं म्हणजे बिबट्याला बोलावणं. संजय गांधी राष्ट्रीय उद्यान सुमारे १०४ चौरस किलोमीटरचं आणि त्याची ठाण्याकडची बाजू म्हणजेच येऊर. भिंतीपलीकडे बिबट्या फिरतो हे धरूनच परसाची आखणी करायला हवी. पाणी, पालापाचोळ्याचा ढीग, फळझाड आणि मोकळं ठेवलेलं भोक एवढ्यावर मुंगूस रोज येतं. पाचोळ्यातले किडे, गोगलगायी आणि सरडे हेच त्याचं खाणं, तो ढीग हलवू नका.

पण कॅमेरा त्या ढिगापासून निदान तीन मीटर लांब लावा. घोणस पाचोळ्यात अशी मिसळते की हातभर अंतरावरूनही दिसत नाही. कार्ड बदलायला भर दुपारी किंवा चांगल्या उजेडात जा, पायात बूट, हातात काठी, आणि सळईभोवतीची जागा काठीने आधी चाचपून घ्या. अंधारात किंवा पहाटे कार्ड काढायला जाऊ नका, बिबट्याच्या फिरण्याची वेळ तीच.

क्लिपमध्ये बिबट्या आला तर सोसायटीच्या ग्रुपवर टाकण्याआधी वनविभागाच्या १९२६ या हेल्पलाइनवर कळवा. जखमी प्राणी दिसला तरी हाच क्रमांक. ग्रुपवर क्लिप गेली की पिंजरा लावण्याची मागणी सुरू होते. खरं तर पकडून दुसरीकडे सोडल्याने धोका कमी होत नाही, मोकळ्या झालेल्या जागेत दुसरा बिबट्या येतो. कचरा झाकून ठेवणं, कुत्रा रात्री आत घेणं आणि परसाचा दिवा चालू ठेवणं या तीन गोष्टी लगेच करा.

कॅमेरा तुमच्या भिंतीच्या आतच हवा. नाल्यापलीकडे वनजमीन असेल तर तिथे परवानगीशिवाय लावता येत नाही. वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ चा. त्याखाली मुंगूस किंवा उदमांजर पकडणं, थोडा वेळ कोंडून ठेवणं, पिल्लं घरात आणणं हे गुन्हे आहेत, चित्रण चांगलं यावं म्हणून केलं तरी. रेकॉर्ड केलेले आवाज वाजवून दयाळाला जवळ बोलावू नका. विणीच्या दिवसांत नर त्या आवाजाशी भांडत बसतो आणि घरट्याकडे दुर्लक्ष होतं. शिंप्याने शिवलेलं पान सापडलं तर समोरची पानं बाजूला करायची नाहीत, तीच त्याची सावली आणि लपण.

आणि शेजाऱ्यांची खिडकी चौकटीत येत नाही ना ते बघा. आवाजाचं रेकॉर्डिंग गरजेचं नसेल तर बंद ठेवा, १५ फुटी परसात पलीकडच्या घरातलं बोलणं स्पष्ट येतं.

परसदार_ठाणे :

सगळ्यांचे मनापासून आभार. अंडं रद्द. चाळलेली माती आजच पसरतो. दोन गोष्टी राहिल्या. पावसात कॅमेरा स्वयंपाकघरात खिडकीच्या काचेआड ठेवला तर? आणि पत्र्यावरचं जड जनावर उदमांजरच आहे, हे रात्रीच्या काळ्यापांढऱ्या चित्रात कसं ओळखायचं?

पाऊलखुणा :

काचेआड ट्रेल कॅमेरा चालत नाही. बेलापूरच्या ताईंनी चष्म्याच्या काचेबद्दल सांगितलं तेच इथेही : उष्णता काचेतून पोचत नाही, सेन्सर झोपून राहतो, आणि रात्री दिवे काचेवर परतून सगळं पांढरं होतं. स्वयंपाकघरातून थेट बघायचं असेल तर बाहेर वेगळा वायरवाला आयपी कॅमेरा (नेटवर्कवरून चित्र दाखवणारा) लावा, वीज आणि चित्र एकाच केबलवर नेणारा. त्याचे स्वतःचे इन्फ्रारेड दिवे बंद करा आणि वेगळा इन्फ्रारेड दिवा कॅमेऱ्यापासून एक-दीड मीटर बाजूला बसवा. दिवे भिंगाला चिकटून असले की किडे तिथे जमतात, किड्यांमागे कोळी येतो, आणि रात्रभर जाळ्याचा एक पांढरा धागा चौकटीत हलत राहतो. वीज कडाडायला लागली की केबलचं घरातलं टोक काढून ठेवा.

उदमांजराची शेपटी बघा. ती जवळजवळ शरीराएवढी लांब असते आणि तिच्यावर कडी नसतात. पाठीवर तीन गडद ओळी असतात, इन्फ्रारेडमध्ये त्या फिकट पडतात पण बाजूने उजेड आला तर दिसतात. तोंडावर डोळ्यांभोवती काळा पट्टा, नाक लांबट, कान आखूड आणि गोल. चालताना पाठ जराशी कमानदार, शेपटी खाली. मांजर शेपटी उचलून, पाय सरळ ठेवून चालतं. शेपटीवर गोल कडी दिसली आणि जनावर पत्र्यावर न चढता जमिनीवरूनच गेलं तर ते जवादी मांजर, ते झाडावर फारसं जात नाही.

चित्राशिवायचा पुरावाही आहे. पत्र्याच्या पन्हळीत किंवा भिंतीच्या माथ्यावर एकाच जागी रोज विष्ठा पडते आणि तिच्यात चिकूच्या काळ्या चकचकीत बिया अख्ख्या असतात. पहाटे त्या बाजूला सुवासिक तांदूळ शिजताना येतो तसा वास आला, आणि आजूबाजूला कुठे भात रटरटत नसेल, तर उदमांजर नुकतंच गेलंय. सळई तिथून दोन मीटरवर ठोका. पत्रा चौकटीत घेताना भिंग वरच्या दिशेला झुकवा आणि मायक्रोपोरचा एक थर काढा, पत्र्यापर्यंत उजेड पोचायला तेवढा लागेल.